बारूच्या उतारावरील कॉफीमळा

रविवार

पनामा सिटीतील आल्ब्रूक बसस्थानकातून दाविदला जाणारी बस कालव्यावरचा पूल ओलांडून पॅन-अमेरिकन महामार्गाला लागते आणि मग सुमारे सात तास पश्चिमेकडे धावत राहते. आग्वादुल्सेच्या आसपास उसाची शेते लागली, पुढे गुरांची कुरणे सुरू झाली आणि चिरिकी प्रांतात बरेच आत गेल्यावर उजव्या हाताला बारू ज्वालामुखीचा रुंद खांदा दिसू लागला. शिखर ढगातच होते. ३,४७४ मीटर उंचीचे हे शिखर म्हणजे पनामातील सर्वांत उंच ठिकाण आणि बोकेते हे गाव त्याच्या पूर्वेकडच्या पायथ्याशी, सुमारे १,२०० मीटर उंचीवर वसले आहे. दाविदच्या दमट उकाड्यातून निघालेल्या लहान बसने तासाभरात चाळीसेक किलोमीटरचा चढ चढला आणि बाबांनी पिशवीतून स्वेटर काढला.

आमची शेती नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आहे आणि ती द्राक्षाची आहे. महाराष्ट्रात चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून थोडी कॉफी होते, पण आमच्या घराचा कॉफीशी संबंध पिण्यापुरताच. तरी बाबांच्या मनात एक प्रश्न बरीच वर्षे घर करून होता आणि तो भावाचा होता. आपल्या मालाला जो भाव मिळतो तो हंगामाचा असतो, व्यापाऱ्याचा असतो, शेजारच्या गावात गारपीट झाली की नाही याचा असतो. आपण बागेत वर्षभर काय केले याचा त्यात फार थोडा वाटा असतो. असे असताना बोकेतेच्या आसिएन्दा ला एस्मेराल्दा या मळ्यातील गेशा जातीची वीस किलो कॉफी २०२५ च्या लिलावात किलोला ३०,२०४ डॉलर या दराने विकली गेली. हा भाव अपवादाचा आहे हे बाबांना कळत होते. त्या अपवादाच्या तळाशी जी रोजची शेती असते ती त्यांना पाहायची होती, म्हणून नावाजलेल्या मळ्यांऐवजी आम्ही एका कुटुंबाचा लहान मळा निवडला, जिथे हंगामात पाहुण्यांची राहण्याची सोय होते.

या कुटुंबाच्या प्रमुख सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई. मळ्यावरील सगळे त्यांना आदराने ‘दोन्या’ म्हणतात आणि त्यांची मुलेही चारचौघांत तसेच म्हणतात. थोरला मुलगा होंडुरासमधील झामोरानो कृषी विद्यापीठात शिकलेला, झाडे आणि माती त्याच्याकडे. धाकटा मुलगा फळांवरची प्रक्रिया पाहतो. मुलगी हिशोब आणि परदेशी गिऱ्हाईक सांभाळते. थोरल्याची लेक, म्हणजे आजीबाईंची नात, चव तपासण्याची खोली सांभाळते. मुलांना आणि नातीला चांगले इंग्रजी येते, त्यामुळे आमचे अडले नाही.

सोमवार

सकाळी थोरल्या मुलाने आम्हाला वरच्या अंगाला नेले. मळा साधारण १,५०० मीटरपासून १,८०० मीटरपर्यंत चढत जातो आणि त्याचे तुकडे पाडलेले आहेत. झऱ्याचा तुकडा, पेरूचा तुकडा, जुन्या गोठ्याचा तुकडा अशी त्यांची नावे आहेत आणि कार्यालयाच्या भिंतीवरच्या नकाशात प्रत्येकाची हद्द, उतार, जात आणि लागवडीचे वर्ष लिहिलेले आहे. कातुर्रा आणि कातुआई या जातींची झाडे सर्वांत जास्त, काही जुनी तिपिका आणि वरच्या भागात गेशा.

माती तपासण्यासाठी तेथे एक पुरुषभर खोल खड्डा खणून ठेवला होता आणि बाबा त्यात उतरले ते लवकर वर येईनात. वरचा हातभर थर गडद काळा, त्याखाली पिवळसर तपकिरी, आणि मधूनच फिकट राखाडी रंगाचे बोटभर जाडीचे पट्टे. हे पट्टे ज्वालामुखीच्या राखेचे आणि बारीक सच्छिद्र खड्यांचे. बाबांनी काळ्या थरातील मूठभर ओली माती दाबली आणि मूठ उघडताच ती रव्यासारखी मोकळी झाली. दिंडोरीची ओली काळी माती दाबली तर तिचा गोळा होतो, बोटांना चिकटतो आणि उन्हाळ्यात त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन्ही मातींचे मूळ ज्वालामुखीतच आहे हे ऐकून ते खड्ड्यातच थांबले. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेल्या लाव्ह्याचा आणि आपली काळी माती तो दगड झिजून तयार झाली. बारूचा अखेरचा उद्रेक मात्र जेमतेम पाचशे वर्षांपूर्वीचा आणि इथली माती प्रामुख्याने हवेतून पडलेल्या राखेची.

राखेतील काचेसारखे कण लवकर झिजतात आणि त्यांपासून ॲलोफेन नावाचा अतिसूक्ष्म खनिज पदार्थ तयार होतो. तो कुजलेल्या पालापाचोळ्याला घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे माती काळी, हलकी आणि पोकळ राहते. पाणी तिच्यात मुरते, टिकते आणि जास्तीचे खाली निघूनही जाते. कॉफीच्या मुळांना पाणी हवे असते पण साचलेले चालत नाही, म्हणून ही माती त्यांना मानवते. पण हेच ॲलोफेन स्फुरद (फॉस्फरस) या पोषक द्रव्यालाही इतके घट्ट धरते की ते झाडाला मिळत नाही. मातीच्या तपासणीत स्फुरद दिसते आणि पानाच्या तपासणीत कमी भरते. थोरल्या मुलाने हे सांगितले तेव्हा बाबांचा चेहरा उजळला, कारण पानदेठ तपासल्याशिवाय खताचा हात सोडू नये हे ते आमच्या गावात कितीतरी वर्षे सांगत आले आहेत. येथे स्फुरद थोडे थोडे, अनेक वेळा आणि फळांच्या सालीच्या कंपोस्टात मिसळून देतात, आम्लता जास्त असल्याने चुनखडी घालतात आणि तण उपटण्याऐवजी कोयत्याने कापून तिथेच पसरतात, म्हणजे उतारावरची माती पावसात वाहून जात नाही. पाकिटांवर ‘ज्वालामुखीच्या मातीतील कॉफी’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते तेव्हा वाचणाऱ्याला वाटते की बी टाकले आणि उगवले. ती माती अडवणूकही करते आणि तिला वळवून घेण्यात या घराच्या तीन पिढ्या गेल्या आहेत, एवढे त्या खड्ड्याच्या काठावर उभे राहिल्यावर समजते.

उंचीचे काम वेगळे. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. वरच्या तुकड्यांत रात्री चांगलीच थंडी पडते आणि फळ पिकायला वेळ लागतो. खालच्या तुकड्यातील तोडणी उरकत आली तरी वरच्या गेशाची फळे अजून हिरवी होती. सावकाश पिकलेले बी घट्ट होते आणि त्यात गोडवा आणि आंबटपणा दोन्ही भरून येतात.

दुपारी ऊन असतानाच पाऊस आला, आणि तोही असा की अंगावर पडतो आहे की हवेतच तरंगतो आहे हे समजू नये. याला येथे ‘बाहारेके’ म्हणतात. कॅरिबियन समुद्रावरून येणारे व्यापारी वारे डोंगराची धार ओलांडतात आणि ऐन कोरड्या ऋतूत ही भुरभुर बोकेतेवर पसरवतात. झाडांना तिचा आधार होतो, पण ‘ओहो दे गायो’ नावाच्या पानांवरील बुरशीलाही तीच पोसते आणि वाळवणाला तर ती वैरीण. संध्याकाळभर त्या दरीवर इंद्रधनुष्य होते.

मंगळवार

आज तोडणी पाहिली आणि बाबांनी ती केलीही.

तोडणीला येणारी कुटुंबे न्गाबे या आदिवासी समाजाची आहेत. त्यांचा स्वायत्त प्रदेश, न्गाबे-बुगले कोमार्का, १९९७ मध्ये कायद्याने स्थापन झाला. कॉफीचा हंगाम आला की नवरा, बायको, मुले, कधी आजी-आजोबा असे सगळे बिऱ्हाड डोंगर उतरून चिरिकीत येते आणि कित्येक जण पुढे कोस्टारिकातील मळ्यांवरही जातात. बायकांच्या अंगात एकरंगी, पायघोळ झगे असतात आणि त्यांच्या गळ्याला, बाह्यांना वेगळ्या रंगाच्या त्रिकोणी कापडांची नक्षी असते. हिरव्या झाडीत दूरवरून आधी ते रंग दिसतात. ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडे पाहिलेल्या कुणालाही हे चित्र परके वाटणार नाही.

ज्या बाईंनी बाबांना तोडणी शिकवली त्यांना आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला त्यांची, पण शिकवणे डोळ्यांनी आणि बोटांनीच चालले होते. त्यांनी एक फांदी वाकवून आपल्याकडे घेतली. एकाच पेऱ्यावर चार रंगांची फळे होती. हिरवी, पिवळट, लाल, आणि वाइनसारखी गडद लाल. त्यांनी अंगठा आणि तर्जनीमध्ये गडद लाल फळ धरून किंचित पिळले, ते देठ फांदीवरच ठेवून अलगद सुटले. शेजारचे नुसते लाल दिसणारे फळ बाबांनी तोडले तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन उलटे केले आणि देठाजवळची फिकट कड दाखवली. तेवढी कड पिकायची राहिली होती. मग त्यांनी बाबांची बोटे धरून फळ ओढायचे नाही, पिळायचे, हे दोन-तीनदा करून दाखवले. फळ ओढले की देठासह साल सोलवटते आणि पेऱ्यावरील पुढच्या कळ्यांना इजा होते. कमरेच्या टोपलीत फळे टाकतानासुद्धा त्या हात आत नेऊन सोडत होत्या.

मुकादमाच्या खिशात साखर मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटर होता. द्राक्षबागेत ब्रिक्स पाहायला जे यंत्र आम्ही वापरतो तेच. बाबांनी तो मागून घेतला, काचेवर फळाचा रस टाकला आणि उजेडाकडे धरून आकडा वाचला. मुकादमाला याचे मोठे आश्चर्य वाटले आणि त्यानंतर त्याने बाबांना हाताशी धरून तुकड्यांतून फिरवले.

मजुरी ‘लाता’वर मिळते. लाता म्हणजे डबा, आणि प्रत्येकाचे भरलेले डबे चिठ्ठीवर नोंदले जातात. गेशाच्या झाडाला फळे विरळ आणि निवडून तोडायची, म्हणून तिच्या डब्याचा दर जास्त ठेवलेला आहे. मळ्यावर राहण्याच्या खोल्या आहेत, लहान मुलांसाठी पाळणाघर आहे आणि आजीबाई दुपारी स्वतः तिथे जाऊन जेवण पाहतात. हे सगळे चांगलेच आहे. तरीही मला जे वाटले ते लिहायलाच हवे. या कॉफीच्या पाकिटावर डोंगराचे नाव असते, मळ्याचे असते, जातीचे असते, उंचीचा आकडाही असतो, पण ज्या बोटांनी अर्धवट पिकलेले फळ सोडून दिले त्यांचे नाव नसते. निवड हा या मालाचा प्राण असेल तर ती निवड पहिल्यांदा त्या फांदीपाशी होते. मुलीशी, म्हणजे हिशोब पाहणाऱ्या ताईंशी मी हे बोलले. त्यांनी सांगितले की लिलावात किंवा खास गिऱ्हाइकाला चढा भाव मिळालाच तर त्या तुकड्यात तोडणी केलेल्यांना हंगामाच्या शेवटी वेगळी रक्कम देण्याची पद्धत त्यांनी सुरू केली आहे, कारण तसे केले नाही तर चांगले हात पुढच्या वर्षी परत येत नाहीत. कारण व्यवहाराचे असले तरी पद्धत योग्य आहे, आणि ती सर्वत्र रूढ व्हायला हवी असे मला मनापासून वाटते.

बुधवार

फळे तोडली त्याच दिवशी त्यांच्यावर काम सुरू व्हावे लागते, म्हणून धाकट्या मुलाचा दिवस संध्याकाळी सुरू होतो आणि मध्यरात्र उलटून जाते. काल रात्री आम्ही थोडा वेळ थांबलो होतो, आज सकाळपासून पुन्हा तिथेच होतो.

प्रत्येक तुकड्यातील फळे आधी पाण्याच्या हौदात पडतात. किडलेली आणि पोचट फळे तरंगतात, ती काढून टाकतात. पुढे वाटा फुटतात. धुतलेल्या कॉफीसाठी यंत्रातून साल काढतात, मग बियांवरचा चिकट गर टाकीत आंबू देतात आणि भरपूर पाण्याने धुतात. दुसऱ्या पद्धतीत फळ अख्खेच वाळवतात. तिसरीत साल काढतात पण गर तसाच ठेवून वाळवतात, तिला ‘हनी’ म्हणतात, मधाचा मात्र त्यात थेंबही नसतो. टाकीतील गर सुटला की नाही हे घड्याळावर ठरत नाही. थंड रात्री जास्त वेळ लागतो, उबदार रात्री कमी. धाकट्या मुलाने कोपरापर्यंत हात घालून बियांची मूठ वर काढली आणि माझ्या कानाजवळ चोळली. गर शिल्लक असेपर्यंत बिया निसटतात; तो गेला की बियांवरचे टणक कवच एकमेकांवर घासून करकर वाजते. ती करकर ऐकू आली आणि त्याने लगेच पाणी सोडायला सांगितले.

वाळवण जाळीच्या उंच मांडवांवर होते. खालून वरून हवा खेळते, पण बाहारेकेची भुरभुर केव्हा येईल याचा नेम नाही, म्हणून मांडवांवर पारदर्शक प्लॅस्टिकचे छत आहे. बियांतील ओलावा दहा ते बारा टक्क्यांवर येईपर्यंत त्या दिवसातून अनेकदा हलवाव्या लागतात. थर जाड ठेवला तर वास लागतो, पातळ ठेवला तर लवकर वाळून चव उडून जाते. त्यानंतर कवचासकट बियांना पोत्यांत काही आठवडे विसावा देतात. साधारण पाच-सहा किलो फळांतून एक किलो हिरवी कॉफी हाती येते, हे ऐकल्यावर बेदाण्याचा हिशोब बाबांच्या तोंडी आपोआप आला.

या सगळ्या प्रवासात माझे लक्ष एका चिठ्ठीने वेधून घेतले. झाडापासून पोत्यापर्यंत मालासोबत एक लॅमिनेट केलेला पुठ्ठा फिरतो. त्यावर तुकड्याचे नाव, जात, तोडणीची तारीख, टाकीत घातल्याची आणि काढल्याची वेळ, मांडवाचा क्रमांक लिहिलेला असतो. माल पुढच्या जागी गेला की पुठ्ठा तिथे जातो. पुठ्ठा नसलेला माल कुणी हलवत नाही. एका मांडवावर तर परातभर मावतील एवढ्याच बिया होत्या आणि त्यांनाही स्वतःचा पुठ्ठा होता. एवढ्याशा मालासाठी अख्खा मांडव कशाला अडवायचा, असे बाबांनी विचारले. धाकट्या मुलाने सांगितले की त्याच्या वडिलांच्या काळी सगळ्या तुकड्यांतील फळे एकाच टाकीत पडत, एकाच यंत्रात वाळत आणि एकाच भावाने जात. कोणत्या तुकड्याची चव कशी, हे घरात कुणालाही ठाऊक नव्हते, कारण ते कळण्याची सोयच नव्हती.

गेशाची कथा नेमकी हीच आहे. या जातीचे बी १९३० च्या दशकात इथिओपियाच्या नैर्ऋत्य भागातील जंगलातून गोळा करण्यात आले, पूर्व आफ्रिकेतील संशोधन केंद्रांतून फिरत १९५३ मध्ये कोस्टारिकातील तुर्रियाल्बा येथे पोहोचले आणि १९६० च्या दशकात फ्रान्सिस्को सेरासिन यांनी ते बोकेतेला आणले. ते आणण्यामागे चव हा हेतू नव्हता. झाड रोगाला तोंड देईल अशी आशा होती. पण फांद्या ठिसूळ, उत्पन्न कमी, म्हणून शेतकऱ्यांना ते आवडले नाही आणि इतर जातींच्या गर्दीत काही झाडे तशीच उभी राहिली. त्यांची फळे वर्षानुवर्षे सगळ्यांत मिसळून गेली. एस्मेराल्दाच्या पीटरसन कुटुंबाने १९९० च्या दशकात हारामियो भागातील एक मळा घेतला, आणि तिथल्या कॉफीत अधूनमधून लागणारी फुलांची चव कुठून येते हे शोधण्यासाठी डॅनियल पीटरसन यांनी मळ्याचे तुकडे पाडून प्रत्येकाची चव वेगळी घेतली. ती चव उंचावरच्या मोजक्या झाडांची निघाली. २००४ च्या ‘बेस्ट ऑफ पनामा’ स्पर्धेत ती कॉफी स्वतंत्रपणे ठेवली गेली, पहिली आली आणि पौंडाला २१ डॉलरला विकली गेली, जो त्या काळी विक्रम होता. म्हणजे जवळपास चाळीस वर्षे ती चव बोकेतेतच होती. माती तीच, उंची तीच, डोंगर तोच. कुणी वेगळी काढून पाहिली नव्हती.

बाबा बराच वेळ पुठ्ठे वाचत फिरले.

गुरुवार

पहाटे जीपने बारूच्या शिखरावर जाऊन आलो. रस्ता म्हणजे दगडगोट्यांचा ओढा आहे आणि वर थंडी विलक्षण. हवा स्वच्छ असली की शिखरावरून एका बाजूला पॅसिफिक आणि दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र दिसतो. आम्हाला पॅसिफिकचा किनारा स्पष्ट दिसला, दुसरीकडे ढग होते. हे सगळे वन १९७६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि कॉफीचे मळे त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबलेले वरून दिसतात. हवामान तापत चालले तसे मळ्यांना वर सरकावेसे वाटणार, आणि वर तर हे राखीव जंगल. थोरल्या मुलाला हीच काळजी सर्वांत मोठी वाटते. २०१२-१३ मध्ये मध्य अमेरिकेत तांबेरा या कॉफीच्या पानांवरील बुरशीजन्य रोगाची मोठी साथ आली तेव्हा ज्या उंचीला तो पूर्वी सहसा पोहोचत नसे तिथेही तो दिसला, असे त्याने सांगितले.

शुक्रवार

चव तपासण्याची खोली लहान, पांढरी आणि विलक्षण स्वच्छ आहे. नातीने आम्हाला येण्याआधी साबणाने हात धुऊ नका, पाण्यानेच धुवा, असे बजावले होते. लांब टेबलावर क्रमांक लिहिलेल्या पेल्यांच्या रांगा होत्या. कोणत्या क्रमांकाखाली कोणता तुकडा हे तिलाही ठाऊक नव्हते, क्रमांक तिच्या आत्याने टाकले होते. दर १५० मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम कॉफी, पाणी ९३ अंशांच्या आसपास, चार मिनिटे थांबायचे, मग वर आलेला थर चमच्याने मोडायचा आणि नाक पेल्याजवळ नेऊन वास घ्यायचा. गाळून घेण्याचा प्रकार नाही. पेला निवत आला की चमचाभर कॉफी जोराने ओढून जिभेभर पसरवायची. शंभरपैकी ऐंशी गुण मिळाले तर ती ‘स्पेशालिटी’, म्हणजे वरच्या दर्जाची कॉफी.

मीही चमचा घेऊन रांगेतून फिरले. पहिल्या काही पेल्यांत मला गुळाचा गोडवा, भाजल्या शेंगदाण्याचा खरपूसपणा आणि मोसंबीची आंबट धार ओळखू आली, एवढेच. पुढच्या पेल्यापाशी मात्र थांबावे लागले. जाईच्या फुलांचा वास, आणि घोट गेल्यावर मागे राहणारी लिंबाच्या सालीची चव. बाबांनी त्याच पेल्याचा वास घेऊन नातीला विचारले, “यात गवती चहा घातला आहे का?” मी भाषांतर केले तेव्हा तिने वहीत ते लिहून घेतले आणि सांगितले की परदेशी परीक्षकही या कॉफीबद्दल नेमके हेच लिहितात. तो पेला गेशाचा होता. पण तो सर्वांत उंचावरच्या तुकड्याचा नव्हता. वरच्या गेशाला त्या दिवशी थोडे कमी गुण मिळाले, कारण ती मांडवावर एक-दोन दिवस जास्त ओली राहिली होती. उंची मोठी म्हणून गुण मोठे, हा सरळ हिशोब त्या टेबलावर टिकला नाही.

दुपारी ताईंनी हिशोब समजावला, आणि माझ्या मते या मुक्कामातील सर्वांत उपयोगी तास तोच होता. गेशाची चर्चा जगभर होते, पण या मळ्याचे घर चालते ते कातुर्रा आणि कातुआईवर. गेशा थोडी, तिची झाडे नाजूक, मजुरी जास्त, आणि लिलावात नाव लागेलच याची खात्री नाही. लहान कुटुंबाने सगळा मळा गेशाखाली आणला तर एका वाईट वर्षात घर बसते. म्हणून तुकडे वेगळे ठेवण्याचा खरा फायदा त्यांना कातुआईत झाला आहे. झऱ्याच्या तुकड्याची कातुआई कॉफी भाजून विकणारा एक व्यावसायिक दरवर्षी नाव घेऊन मागतो, जगाच्या बाजारात भाव काहीही असो, आणि तोडणीपूर्वीच करार करतो. दिंडोरीच्या शेतकऱ्याला हेवा वाटावा तो या गोष्टीचा. बाबांनी वहीत काय लिहिले ते मी पाहिले: आमच्या बागेतील विहिरीकडचा प्लॉट आणि ओढ्याकडचा प्लॉट, आणि पुढे दोघांच्या ब्रिक्सचे गेल्या हंगामातील आकडे, जे त्यांना तोंडपाठ होते.

शनिवार

निघण्यापूर्वी बाबांनी आजीबाईंना एक प्रश्न विचारला, जो मला आधी विचारायला संकोच वाटत होता. मुले तीन, नातवंडे आणखी. वाटण्या झाल्या का? आमच्याकडे आजोबांच्या बागेचे चार तुकडे झाले आणि त्यातील एक आज लेआउट पडून विकला गेला आहे, हेही त्यांनी सांगितले.

आजीबाईंना प्रश्न मुळीच खटकला नाही. बोकेतेत परदेशातून निवृत्त होऊन आलेल्यांनी बंगल्यांसाठी जमिनी घेतल्यापासून भाव फार चढले आहेत आणि शेजारचे दोन मळे भावंडांच्या वाटण्यांनंतर असेच गेले, असे त्या म्हणाल्या. पती वारल्यानंतर त्यांनी सगळी जमीन एका कंपनीच्या नावावर केली. पनामात कुटुंबे असे सर्रास करतात. मुलांकडे जमीन नाही, कंपनीचे भाग आहेत. भाग विकायचा झाला तर आधी भावंडांनाच विचारावे लागते. वर्षअखेरीला नफा वाटला जातो, पण झऱ्याचा तुकडा कुणाचा आणि गेशाचा तुकडा कुणाचा, हा प्रश्न निघू शकत नाही. थोरल्या मुलाला सुरुवातीला हे मान्य नव्हते. त्याने वरचा भाग स्वतःच्या नावावर मागितला होता आणि त्यावरून घरात दोन वर्षे अबोला होता, हे त्यांनी त्याच्यासमोरच सांगितले आणि तो मान खाली घालून हसला.

कॉफीचे शक्य तितके तुकडे पाडायचे आणि जमिनीचा एकही पाडायचा नाही, हे दोन्ही नियम एकाच बाईने घातलेले आहेत. धाकट्याने टाक्या वाढवल्या, नातीने खोली बांधली, पण तुकड्यांना नावे देऊन माल वेगळा ठेवायचा हट्ट आजीबाईंचाच होता. पहिली काही वर्षे त्यात नुकसान झाले, कारण लहान मालाला गिऱ्हाईक नव्हते आणि खर्च मात्र दुप्पट. त्या काळात त्यांनी गुरे विकून पगार भागवले.

बाबांनी कंपनीच्या कागदांची रचना ताईंकडून नीट समजून घेतली आणि आपल्याकडे शेतकरी उत्पादक कंपनीचा कायदा आहे तो यापेक्षा वेगळा कसा, हे त्यांना सांगण्याचा प्रयत्न केला. ते बोलणे दाविदची बस येईपर्यंत चालू होते. बसमध्ये बसल्यावर बाबांनी काकांना फोन लावला आणि येत्या छाटणीआधी दोन्ही घरांच्या बागा एकत्र धरून, प्लॉटवार नोंदी ठेवण्याबद्दल विचारले. काकांनी होकार दिलेला नाही, पण माती-पाण्याचे अहवाल पाठवतो म्हणाले आहेत.